बावीस त्रुटी

गणपती पेठेच्या मागच्या बोळात माझं टायपिंगचं दुकान.
लग्नपत्रिका, वारसाचे अर्ज, हळदीच्या अडत्यांची बिलं,
आणि एका वर्षी, जूनपासून फेब्रुवारीपर्यंत,
आदगोंडा मगदूम यांचा प्रबंध:
तार थांबल्यानंतरचा नाद.
पानाला बारा रुपये. आकृत्यांचे वेगळे.

मिरजेहून शहर बसने यायचे.
पिशवीत सतारीच्या भोपळ्याचं एक फुटकं शकल.
बोलता बोलता त्यावर नखानं टिचकी मारायचे
आणि पुढचं वाक्य विसरायचे.

पहिल्याच दिवशी म्हणाले, एक चिन्ह पाहिजे.
बोट तारेवरून उचललंय,
पण तारेला अजून कळलेलं नाही,
तेवढ्या वेळाचं.
मी सगळा कीबोर्ड पालथा घातला.
अवग्रह त्यांना ऐसपैस वाटला,
विसर्ग दम लागल्यासारखा.
शेवटी 'क'चा पाय मोडून दाखवला. क्
म्हटलं, हे बघा, ह्यात स्वर नाही.
ते उठले, न बोलता बाहेर गेले,
कोपऱ्यावर दोन चहा सांगून आले.
प्रबंधात ते पाय मोडकं अक्षर चारशे अकरा वेळा आहे.

त्यांच्या रचना मी टाइप केल्या. ऐकलेली एकही नव्हती.
एक दोन अडत्यांसाठी:
मार्केट यार्डात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा,
तसा रुमालाखाली ताल ठरवायचा.
समोरच्यांना फक्त कापड हललेलं दिसणार.
मग ऐकायचं काय ओ, मी विचारलं.
किंमत, म्हणाले.

एक आयर्विन पुलाच्या पट्टीवरून.
तेवीस फुटांपासून पंचेचाळीसपर्यंत,
फुटाला एक श्रुती, एकच तार, सहा तास.
खाली बारीक टाइपात टीप:
चढ ऐकू येत नाही. चढलेलं ऐकू येतं.
इथं माझा हात थांबला.
दुकानातली पुराची रेघ मी कॅलेंडरनं झाकलेली आहे.
त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं,
तारीख विचारली, एवढंच.

चौथ्या प्रकरणात मात्र घोळ झाला.
'श्रुती' सगळीकडे 'श्रूती' पडलं होतं.
म्हटलं एका दमात बदलून टाकू,
आणि घाईत बदललं ते 'त्रुटी'.
बावीस त्रुटी. त्रुटींचा परस्परसंबंध.
दोन त्रुटींमधील अंतर कानाने कसे ओळखावे.
छापून, बांधून, कोल्हापूरला गेलं.
परीक्षकांचा शेरा आला:
'श्रुती आणि त्रुटी यांतील फरक संशोधकास ज्ञात नाही.'

मी पैसे परत द्यायला निघाले.
ते शेरा पुन्हा पुन्हा वाचत होते,
पत्रिकेत स्वतःचं नाव सापडावं तसे.
तीस वर्षं, म्हणाले, तीस वर्षं
मी त्याच फरकाची रुंदी मोजतोय.
असू दे तसंच.
दुसऱ्या प्रतीत त्यांनी एकच शब्द सुधारून घेतला,
तोही आईच्या नावातला.
शहाण्णव रुपये अजून यायचे आहेत.

मग एकदा मिरजेला बोलावलं.
तंतुवाद्यांच्या कारखान्यामागची खोली, लाखेचा वास,
सात खुर्च्या, पाच माणसं.
एक पोरगा पाटीवर फूट लिहायचा, पुसायचा.
तारेचा एकच आवाज. दुपारभर तोच.
मला वाटलं, काही होतच नाहीये.
तिसाव्या फुटाला मी घरच्या भाजीचा विचार करत होते.
छत्तीसला शेजारच्या बाईंनी जांभई दिली.
कुठलातरी फ्रिज बंद पडला
आणि तो चालू होता हे तेव्हा कळलं.

पाटीवर त्रेचाळीस होतं
तेव्हा बघितलं,
खाली ठेवलेली पिशवी
माझ्या मांडीवर आलेली.
शेजारच्या बाईंनी पाय वर घेतले होते.
त्यांच्या चपला खुर्चीवर होत्या,
सहाव्या, रिकाम्या.